डाव्या हाताचा रंधा

काल जुन्या बाजारातून आणलेल्या रंध्याला जवसाचं तेल लावलं आणि त्या वासासरशी सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मला वडील, आमचे अण्णा, आठवले. तेही जुनी हत्यारं जमवायचे. एकदा अशाच एका रंध्याच्या पात्यावर गंजाखालून परदेशी कंपनीचं नाव निघालं.

"पातं त्यांचं. लाकूड मात्र सुतारानं स्वतः घडवलंय," अण्णा म्हणाले. पण मूठ काही त्यांच्या हातात बसेना.

"स्वल्प इकडे द्या," आई तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली. डावखुरी म्हणून तिनं जन्मभर बोलणी खाल्लेली. लाकडात झिजून पडलेल्या खळग्यात तिचा डावा अंगठा अलगद बसला.

"माझ्यासारखाच होता की," ती हळूच म्हणाली. बराच वेळ तिनं रंधा खाली ठेवला नाही.

पात्यावरचं नाव मी केव्हाच विसरलो. तो सुतार मात्र ओळखीचा वाटतो.