शिजलेला दगड

गिरगावातल्या एका सभेत एका विद्वानाने दीड तास सांगितले की आदिमानव एक दगड घेई, दुसऱ्यावर आपटी आणि जे फुटेल त्यावर समाधान मानी. टाळ्या झाल्या, पानसुपारी झाली. सभेत फिरवलेले गारगोटीचे एक जुनाट पाते मी दोन दिवसांसाठी मागून आणले आणि आमच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या अकीकवाल्या काकांना दाखवले. ते खंबायतचे. मणी घडवण्यात जन्म गेला होता आणि दगडाची धूळ छातीत बसली होती.

त्यांनी पाते उजेडात तिरके धरले.

"मास्तर, हा शिजवलेला आहे."

"दगड?"

"ही तुपकट चकाकी बघा. कच्च्याला येत नाही. कच्चा दगड वेडावाकडा फुटतो, शिजला की पातळ कपची सुटते. तुमच्या त्या रानटी माणसाला विस्तवाची अक्कल होती. सभेतल्याला नव्हती काय?"

मागच्या अंगणात त्यांनी मडके लावलेच होते. आत अकीकाचे गोटे, भोवती शेणी, वर राख. आपोआप निवेपर्यंत हात लावायचा नाही. हे शेवटचे मडके. मशीद बंदरच्या व्यापाऱ्याला मण्यांचा शब्द दिला होता. तो पुरा झाला की लेकीकडे जाऊन पडायचे, कारण छाती आता मणी घासायचे चाक सोसत नव्हती. कच्चा दगड संपला होता, आणि प्लेगमुळे खंबायतहून नवा येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेगची तपासणी आली. गोऱ्या अंमलदाराने धुमसती राख पाहिली आणि खाली काय आहे, असे मला विचारले. दगडाला 'शिजणे' हा काकांचा शब्द मला नवा होता आणि फार आवडला होता. मी इंग्रजीत सांगितले, "दगड शिजताहेत."

साहेबाला ती थट्टा वाटली. रोग्याचे कपडे दडवलेत, असे ठरवून त्याने मडक्यावर फिनेलच्या पाण्याच्या दोन बादल्या ओतवल्या.

आत लाह्या फुटल्यासारखे तडतडले. कपडे निघाले नाहीत. पथकाने दारावर तपासणी झाल्याची एक खूण केली, चांगली गोल, आणि ते पुढच्या चाळीत गेले.

काकांनी खापऱ्या बाजूला केल्या. एकही गोटा धड नव्हता.

"मास्तर, डाळ शिजतेय म्हणायचंत."

"मी खरं तेच सांगितलं, काका."

"हो ना. डाळीवर पाणी ओतलं असतं तर निदान डाळ शिजली असती."

मला हसू आले नाही. त्यांना आले, मग खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

ते लेकीकडे गेले नाहीत. दिवाळीनंतर कच्चा माल आला, त्यांनी पुन्हा मडके लावले. निवल्यावर ते उघडायला मी गेलो, कारण त्यांना खाटेवरून उठवत नव्हते. गोटे छान शिजून लालबुंद उतरले होते. त्यांनी एकेक तिरका धरून पाहिला आणि ते तसेच, मणी न घासता, मशीद बंदरच्या त्या व्यापाऱ्याकडे पोचवायला सांगितले.