दोर धरला त्याचा वाटा

वहिनी पोलंडची. दादा तिच्याशी लग्न करून तिला आरमोरीजवळच्या आमच्या गावात घेऊन आला तेव्हा ही बाई महिनाभरही टिकणार नाही, असं मी छातीठोक सांगितलं होतं. ती टिकली. इथं राहून काम करायची परवानगी तिनं कचेऱ्यांचे खेटे घालून स्वतः मिळवली, आईकडून आमची बोली शिकली. अडलं ते कामावर. दादाच्या तळ्यातल्या मासोळीवर घर भागत नव्हतं. दिवाळीपर्यंत तिला घरबसल्या खरंखुरं काम मिळालं नाही तर दोघांनीही पोलंडला निघून जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या दिवसापासून आईचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

वहिनी भाषांतर करते. रोज सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून ती अर्ज पाठवायची, कारण नेटवर्क फक्त तिथंच धरतं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं असलं तरी कोणतं पत्र खरं आणि कोणतं खोटं, यावर घरात शेवटचा शब्द माझा, असं मीच ठरवून टाकलं होतं.

काय एकेक नग होते. एकाला कामाआधी पासपोर्टचे फोटो हवे होते. एक बाई रोज लाडिक पत्र पाठवायची आणि काम काय आहे असं विचारलं की दोन दिवस गप्प बसायची. एका कंपनीच्या पत्रात इतक्या चुका होत्या की माझ्या सातवीच्या पोरांनी ते हसत हसत तपासलं असतं. स्वतःचा पत्ता लिहायची हिंमत नसलेले हे लोक वहिनीला विचारत, तू राहतेस तिथं वीज असते का. मी पत्र वाचायचो, नाक मुरडायचो आणि भामटे म्हणून निकाल द्यायचो. त्यात मला मजा यायची, हेही कबूल करतो.

मग एक चांगलं पत्र आलं. भाषा स्वच्छ, खाली पूर्ण पत्ता आणि सही. आधी चाचणी म्हणून चाळीस पानांचं भाषांतर करून द्या, त्याचा मोबदला मिळणार नाही, पसंत पडलं तर पुढे कायम काम देऊ. वहिनीनं उत्तर लिहिलं की एक पान तसंच करून देते, बाकीच्या पानांचे पैसे द्यावे लागतील.

माझं डोकंच फिरलं. हाती आलेलं काम ही बाई लाथाडते आहे. परीक्षेचे पैसे कोण देतं? अंगणात सगळ्यांसमोर मी तिला सुनावलं. तुमच्या देशात होत असतील असले लाड, इथं आधी राबावं लागतं, नोकरी कशी लागते ते मला विचारा.

आई तिथंच फाटकं जाळं सांधत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "पहिल्या वर्सी इनं तळ्यावर दोर धरला होता. आठवते का तुले?"

आठवत होतं. जाळं ओढताना वहिनीनं फोटोपुरता दोन मिनिटं दोर धरला होता आणि तेवढ्यात चिखलात चप्पल घालवली होती. मासोळीचे वाटे पडले तेव्हा आईनं तिचाही एक वाटा काढला. मी खो खो हसलो होतो. पण आमच्या तळ्यावर वाटे असेच पडतात. दोर धरला की वाटा, मग तो माणूस पाहुणा का असेना. आज ओढून दाखव, जमलं तर पुढच्या खेपेला देऊ, असं तिथं कोणी कोणाला म्हणत नाही.

त्या चांगल्या पत्रवाल्यांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. मी पुढचे कित्येक दिवस त्यावरून वहिनीला टोमणे मारले.

दिवाळी तोंडावर आली असताना यंत्रांची माहितीपुस्तकं काढणाऱ्या एका लहानशा संस्थेनं तिला दोन पानं पाठवली. चाचणीचे पैसे तिनं मागायच्या आधीच आले आणि त्यामागून दर महिन्याचं काम आलं. पोलंडचा विषय संपला. त्या संध्याकाळी आईनं दोनदा भात घेतला.

मला मात्र ते सहन होईना. नशीब बलवत्तर, एवढंच मी म्हणालो. वहिनीनं माझ्या ताटात रोहूचा तुकडा वाढला आणि साधेपणानं विचारलं, "भाऊजी, तुमची टेस्ट कधी संपते?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आमची शाळा विनाअनुदानित आहे. अनुदान आलं की पगार सुरू होईल, या बोलीवर मी तिथं नववं वर्ष शिकवतो आहे आणि जेवतो दादाच्या तळ्यावर. ते चांगलं पत्र मला इतकं खरं का वाटलं होतं, ते तेव्हा कळलं. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शर्टाला इस्त्री केली, आईनं भरलेला डबा घेतला आणि शाळेत गेलो.