चाचांचा उजवा गुडघा

उठायच्या आधी ते दोन्ही तळवे उजव्या गुडघ्यावर ठेवत आणि अदबीने विचारत, "काय साहेब, निघायचं का?" मग जरा थांबत. साहेबांचा होकार आल्यासारखं वाटलं की टेबलाची कड धरून उठत. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, स्वतःच्या दुखण्याला अहोजाहो करणारं. आमच्या वाचनालयात त्यांच्या या प्रश्नावर सगळे हसायचे. मीही हसायची.

मी तिथे ग्रंथपाल होते. बुधवार पेठेतल्या रेडिओच्या दुकानांमागच्या बोळात त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. दर पंधरा दिवसांनी फाटकी पुस्तकं न्यायला ते स्वतः यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या कितीतरी पिढ्या पुण्यातच गेलेल्या. एखादा सभासद मुद्दाम हिंदीत बोलायला लागला, की ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "मराठी शिकताय का? शिका, सावकाश येईल." एखादं पुस्तक फारच चिंधड्या होऊन आलं, की माझ्यासमोर धरून विचारत, "ताई, हे कुणी वाचलंय की जेवलंय?"

चाळीस वर्षं जमिनीवर बसून, उजवा गुडघा मुडपून त्यांनी पुस्तकं शिवली. तो गुडघा आधी कुरकुरला, मग सुजायला लागला. एके दिवशी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते बसले आणि त्यांना उठताच येईना. चेहरा पांढराफटक पडला होता. त्या दिवशी साहेबांना काही विचारलंही नाही.

त्यांच्या मुलीला फोन करून मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. ती हिंजवडीला एका कंपनीत होती, लगेच निघणं तिला शक्य नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "आतल्या बाजूची गादी पार झिजलीय. हाडावर हाड घासतंय. बाहेरची बाजू मात्र चांगली आहे. सगळा सांधा बदलायला नको, अर्धाच बदलू."

चाचा बराच वेळ त्या फोटोकडे बघत होते. "म्हणजे सगळं उसवायचं नाही. एका बाजूचा पुठ्ठा तेवढा बदलायचा."

"अगदी बरोबर," डॉक्टर हसले.

चाचा हसले नाहीत.

परत येताना रिक्षात मी म्हणाले, "चाचा, तासाभराचं तर काम आहे. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

ते बाहेर बघत राहिले. मंडई मागे पडल्यावर म्हणाले, "हेच वाक्य मी बोललो होतो."

"कुणाला?"

"पोरीच्या आईला."

त्यांच्या बायकोच्या पित्ताशयात खडे झाले होते. तिला ऑपरेशन नको होतं. रोज काहीतरी कारण काढायची. मुलगी तेव्हा पाचवीत. "मी म्हणालो, घाबरतेस काय? चार दिवसांत घरी येऊन चहा करशील. ती आत गेली आणि भुलीतून उठलीच नाही." मग ते म्हणाले, "ताई, ती घाबरली होती ते बरोबर होतं. चुकलो मी."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण महिन्याभराने मोरीत पाय ठेवताना गुडघ्याने दगा दिला आणि ते आडवे झाले. तारीख त्यांनी स्वतःच ठरवली.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी दुकानात गेले आणि दारातच थबकले. फळ्या रिकाम्या होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची पुस्तकं सुतळीने बांधून, वर नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती. आमचीही चार बंडलं होती, त्यातली दोन पुढच्या महिन्यात द्यायची.

"दुकान बंद करताय का चाचा?"

"लोकांच्या वस्तू अडकून राहायला नकोत," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. या माणसाने मागची सगळी आवराआवर करून ठेवली होती, आणि त्याला इथवर आणणारी मी होते.

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. "काकू, अब्बा घरी नाहीयेत. आठला ॲडमिट व्हायचं होतं. फोन पण स्विच ऑफ लागतोय. प्लीज, तुम्ही दुकानात बघता का?"

दुकानाला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी त्यांना पाहिलं नव्हतं. शेवटी काही सुचेना म्हणून मी हॉस्पिटलकडे निघाले. तर ते समोरच्या बसस्टॉपवर बाकावर बसलेले. मांडीवर कपड्यांची पिशवी, नजर फाटकाकडे.

"सहा वाजल्यापासून बसलोय," ते म्हणाले. "तीनदा उठलो. रस्ता ओलांडता येत नाहीये."

"पाय दुखतोय?"

"पायाचा काय संबंध?"

मी त्यांच्या शेजारी बसले. ओठांवर तेच वाक्य आलं होतं. ते गिळून मी म्हणाले, "चाचा, मलाही भीती वाटतेय."

त्यांनी वळून पाहिलं. "खरंच?"

"खरंच. रात्रभर झोप नाही."

एक बस आली, थांबली, गेली. मग ते म्हणाले, "चला तर. दोघं घाबरलेले असले की रस्ता नीट बघून ओलांडतात." माझा हात धरून ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. मुलगी आणि मी बाहेर बसलो. तासाचे दोन तास झाले. दार उघडलं की आम्ही दोघी उभ्या राहायचो. दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं जायचं. "आईच्या वेळी पण असंच बाकडं होतं," मुलगी म्हणाली.

चाचा बाहेर आले तेव्हा शुद्धीत होते. भूल कमरेखालीच दिली होती. आत ठोकल्याचे आवाज त्यांना ऐकू येत होते. "शेजारच्या घरात सुतारकाम चाललंय असं वाटत होतं. मग कळलं, घर माझंच आहे." एवढं बोलून त्यांनी मांडीवर हात दाबला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "ताई, पाय गेले. दोन्ही गेले."

नर्सने सांगितलं, भूल उतरली की संवेदना येईल. त्यांचा विश्वास बसेना. भूल उतरत नाही हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. एक तास गेला, दुसरा गेला. चादरीतून बाहेर आलेल्या अंगठ्यांवर आम्ही तिघं नजर लावून बसलो होतो. तिसरा तासही सरत आला तेव्हा नर्सला पुन्हा बोलवायला मी उठले.

तेवढ्यात डावा अंगठा हलला. थोड्या वेळाने उजवाही.

"हलला?" चाचा कुजबुजले. "तुम्ही पाहिलात, की मलाच वाटलं?"

"पाहिला, अब्बा."

त्यांनी चादर तोंडावर ओढली. आतून हुंदक्यांचा आवाज आला. मुलीने चादरीवरूनच त्यांचं डोकं कुशीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते वॉकर धरून चार पावलं चालले. दोन महिन्यांनी दुकान उघडलं; आता जमिनीऐवजी टेबलाशी बसून काम करायचे. पुढे डॉक्टर त्यांना अधूनमधून बोलवून घेत. एखादा पेशंट ऑपरेशनला फारच घाबरला, की चाचा त्याच्याशी बोलायला जात.

आता चाचा नाहीत. त्या गुडघ्याने शेवटपर्यंत साथ दिली. थांबलं ते हृदय. त्याच्या काही आठवडे आधी, मी आजारी बहिणीला भेटायला त्याच हॉस्पिटलात गेले होते. तिथे ते दिसले. शेजारी लोणी काळभोरची एक शेतकरी बाई बसली होती, पिशवी छातीशी घट्ट धरून.

"लई दुखतं का ओ?" ती विचारत होती.

"दुखतं. पहिले पंधरा दिवस फार."

"आन् भ्या?"

"त्याहून जास्त. मी तर पळून गेलो होतो."

बाईला हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. चाचांनी पायजमा गुडघ्याच्या वर ओढला. "बघा, हात लावून बघा."

तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि त्या पांढुरक्या वणावर एक बोट टेकवलं. मग ते हळूहळू खाली नेलं. तिचं बोट शेवटपर्यंत पोचेतो चाचा पायजमा तसाच धरून, जराही न हलता बसून राहिले.