चिनी रस आन् आमचा मेडिकलवाला

आख्ख्या शिरूर कासारात आपल्याइतकं थंड डोकं कुणाचंच न्हाई. बीपी तेवढा एकशेऐंशीच्या वर असतो.

मोजणारा आमचा मेडिकलवाला. लई कमी बोलतो. दंडाला पट्टा बांधला की वर पंख्याकडं बघत ऱ्हातो. माझ्यासारख्या अडाण्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं चित्रं काढून देतो, सकाळच्या गोळीला सूर्य, रातच्या गोळीला चांद. ऊसतोडीला जाणारी माणसं सहा महिन्यांचे सूर्य-चांद त्याच्याकडूनच बांधून नेत्यात.

औंदा जावयानं पुण्याहून एक बाटली आणली. चिनी झाडपाला आंबवून काढलेला रस हाय, म्हणला, बीपी आपोआप खाली येतो. बाटलीवर समदं चिनी लिवलेलं. पण मला मराठी वाचता येतं तेवढंच चिनी वाचता येतं, म्हणून काय अडलं न्हाई. गोळ्या दिल्या सोडून आन् महिनाभर रोज झाकणभर रस पेलो. मग ऐटीत बाटली घेऊन मोजायला गेलतो.

त्यानं बाटली हुंगली. पट्टा बांधला. पंख्याकडं बघितलं आन् परत हवा भरली.

"डोकं दुखतंय?"

"जरा जरा. रस काम करतोय वाटतं."

"गोळ्या कवा सोडल्या?"

"झाला की महिना."

गडी उठला. भर बाजारच्या दिवशी दुकानाचं शटर खाली ओढलं आन् मला गाडीवर मागं बसवून सरकारी दवाखान्याकडं निघाला. मला तर गहिवरूनच आलं.

"मालक, माझ्यासाठी दुकान बंद केलं?"

"तुमच्यासाठी कावून करू? तुमी दुकानात पडला असता तर बाजारचं गिऱ्हाईक पळालं असतं."