झुंबर नेलं, माणूस ठेवला

अन्याय झाला तो वसंत मेस्त्री या माणसावर. कुडाळजवळच्या खेड्यातला गणपती करणारा, कुवेतमध्ये प्लास्टरचं नक्षीकाम करणारा, माझा सख्खा मामा. तारीख २ ऑगस्ट १९९०, सकाळची वेळ, कुवेतच्या रुमैथिया भागातला एक व्हिला. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही "बाप रे, काटा आला" म्हणाल आणि माणूस विसराल. तुमच्या अंगावर काटा यावा म्हणून मी लिहीत नाहीये.

आणि माझा असल्या प्रकारांवर काडीचा विश्वास नाही. कॉलेजात असताना मी भुताखेतांच्या विरोधात पत्रकं लिहिली, सावंतवाडीच्या बाजारात उभी राहून वाटली, भुतं उतरवणाऱ्या देवस्कीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. नर्स म्हणून कुवेतला आले तरी जीभ तीच होती. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण जे पाहिलं ते पाहिलं.

व्हिलाच्या मालकाने फ्रान्समधला व्हर्सायचा राजवाडा पाहिला होता आणि तिथला आरसेमहाल त्याला आपल्या घरात हवा होता. तस्साच, फक्त लहान. एका बाजूला बागेकडे उघडणाऱ्या कमानदार खिडक्या, समोरच्या भिंतीवर तशाच कमानी, पण त्यांत आरसे. तेही एकसंध नाहीत, छोटे छोटे चौकोनी तुकडे जोडलेले, कारण त्या राजाच्या काळात मोठा आरसा बनवताच येत नव्हता. कुवेतच्या बाजारात पुरुषभर उंचीचे आरसे मिळत होते, तरी तुकडेच जोडायचे! मध्ये संगमरवरी खांब, त्यांच्या माथ्यावर सोनेरी पानं. आणि मधल्या खिडकीच्या वर, छताला लागून, सूर्य. किरणांच्या मधोमध माणसाचा चेहरा. तो राजा स्वतःला सूर्य म्हणवून घ्यायचा म्हणे. रयत उपाशी आणि हा सूर्य!

त्या महालात आणखी एक सोय होती, ती इथेही केली. नोकरांचं दार भिंतीत लपवायचं. तीच पट्टी, तीच नक्षी, कडी नाही, मूठ नाही. नोकराने यावं, ताट ठेवावं, पण तो आला कुठून ते पाहुण्यांना दिसू नये. हॉलच्या टोकाच्या भिंतीतलं ते दार बाबलकाकांनी केलं. बाबलकाका म्हणजे मामाच्याच वाडीतले सुतार, अब्बासिया वस्तीत त्याच्याच खोलीत राहणारे. त्या दारामागे तळघराचा जिना होता.

एका शुक्रवारी मामाने मला काम बघायला नेलं. सूर्याच्या तोंडावर ओला पंचा टाकलेला. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, असंच करतात. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती होईपर्यंत तोंड झाकलेलं. आखणी झाली की मूर्तीत जीव आला, मग कारागिराने हात काढायचा.

"रे वसंता, तो फिरंग्याचो राजा," बाबलकाका खालून ओरडले. "गणपती न्हय! व्हर्सायच्या फोटोतय बुबुळां नाय त्येका."

"फिरंग्याक आंधळो राजा चलता, माका नाय चलणा," मामा परांचीवरून म्हणाला. "तोंड केलंय मां मी? मगे डोळे उघडूक होये."

"इंजिनियर काय म्हणतलो?"

"इंजिनियर वर चढतलो तेव्हा म्हणतलो. शिडी बघूनच त्येका घाम फुटता." मग माझ्याकडे बघून हसला. "सुरेखा, आखणी झाली काय बघ. हॉलात खयंय उभी रव, तुझ्याकडेच बघतलो. माझी आखणी हा ती."

ही गोष्ट लक्षात ठेवा.

२ ऑगस्टला इराकी रणगाडे शहरात शिरले. मालकाचं कुटुंब उन्हाळ्यासाठी युरोपात होतं. त्याचा मॅनेजर सकाळीच व्हिलावर आला. त्याने झुंबराचे लोलक कागदात गुंडाळून घेतले, सोन्याच्या वर्खाचे डबे घेतले, सगळं गाडीत भरलं. कामगारांचे पासपोर्ट त्याच्याच ऑफिसच्या कपाटात होते. मामाला म्हणाला, तू घर सांभाळ, मी संध्याकाळी येतो. आणि सौदीची वाट धरली. बाबलकाका तिथेच उभे होते. मागच्या सीटवर जागा होती, असं ते अजून सांगतात. झुंबर नेलं, माणूस ठेवला.

बाकीच्यांनी वकिलातीतून कागद मिळवले. बसने बगदाद, तिथून जॉर्डन, अम्मानहून विमान. माझ्या हॉस्पिटलातल्या मुलीही निघाल्या. मी आणि बाबलकाका मामाला आणायला गेलो. चतुर्थी तोंडावर आली होती. मी हात धरून ओढलं त्याला.

"तुमी जावा," तो म्हणाला. "मॅनेजराक शब्द दिलंय. आणि ह्येचे डोळे रवलेत. उघडतंय आणि इलंयच."

"मामा, तो देव नाहीये! एका चैनी राजाचं तोंड आहे ते!"

"तोंड कोणाचाय असांदे गो. झाकून सोडून गेलंय तर हात झडतले माझे."

मी पत्रकातली सगळी वाक्यं त्याच्यावर फेकली. त्याने चहा केला.

आम्ही दोघं गावी पोचलो. तो परत आलाच नाही.

नव्वद सालचा शेवट मामीने दारात उभं राहून काढला. कुंकू लावायचं की पुसायचं, हे तिला कोणी सांगेना. युद्ध संपलं, हॉस्पिटलाने आम्हाला परत बोलावलं, मी गेले. तेलविहिरी अजून जळत होत्या आणि दुपारी बाराला आकाश काजळीसारखं दिसायचं. मॅनेजरही परतला होता, व्हिलाची दुरुस्ती काढून बसला होता. मी विचारलं, वसंत मेस्त्री कुठाय?

"वो तो सबके साथ चला गया. घर में कोई नहीं था."

साहजिक आहे. घरात माणूस होता असं म्हटलं, तर त्याचं काय झालं तेही सांगावं लागेल. आणि बाबलकाकांची साक्ष? सुताराची साक्ष कोण घेतो!

शुक्रवारी दुपारी मी आणि बाबलकाका तिथे गेलो. ते दुरुस्तीच्या कामावर नुकतेच लागले होते म्हणून आत सोडलं. सैनिकांनी हॉलात चूल मांडली होती. पानांवरचा सोनेरी रंग काळा पडलेला, परांची सरपणात गेलेली. एक कमान सोडून सगळे आरसे फुटलेले. सूर्य जागेवर होता. पंचा नव्हता. पण डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे गोळे. आखणी झालीच नव्हती. मला रडू आलं, रागाने.

मग मी वळले, उरलेल्या आरशाकडे.

आरशातल्या सूर्याला डोळे होते.

लांब, खालच्या पापणीला किंचित जाड, कोपऱ्यात लाल. आमच्या वाडीच्या गणपतीचे डोळे. मी मान वळवून वर पाहिलं... पांढरे गोळे. आरशात पाहिलं... डोळे. बाबलकाकांनी चपला काढल्या.

"आखणी झाली गो," ते म्हणाले. "त्येचीच ही."

मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. मामाने सांगितलं होतं, कुठेही उभी राहा, तुझ्याकडेच बघेल. हे डोळे माझ्याकडे बघत नव्हते. बाबलकाकांकडेही नाही. आम्ही कुठेही गेलो तरी ते टोकाच्या भिंतीकडेच बघत होते. लपवलेल्या दाराकडे.

बाबलकाका तडक तिकडे गेले. पट्टीवर तळवा ठेवून दाबलं. दार हललं नाही. फटीत ओलं प्लास्टर भरलं होतं. ताजं.

तेवढ्यात मॅनेजर आत आला. "क्या है?"

"ये दरवाजा खोलो," मी म्हणाले.

"माफी बाब," तो अरबीत म्हणाला. दार नाहीच, असं. "दीवार है."

"मी केलंय मां तां!" बाबलकाका मालवणीतच ओरडले. "माझ्या हातान केलंय!"

मॅनेजरची नजर आरशाकडे गेली. काय दिसलं त्याला, ते तो सांगणार नाही. पण तो मागे सरकला, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली ती कमानही उतरवली गेली. तळघरात सुरुंग असतील, म्हणून बुजवलं, असं नंतर सांगण्यात आलं. मग आधी 'दीवार है' कशाला?

काजळीने आरशावर डाग पडले असतील, हा विचार मीही केला. पण डाग काचेवर असते तर मी सरकल्यावर चेहरा हलला असता आणि डाग तिथेच राहिले असते. डोळे चेहऱ्याबरोबर हलत होते. दुःखाने भास झाला म्हणाल, तर दोघांना एकच भास?

सुट्टीवर आले तेव्हा मामीला सांगितलं. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "डोळे खय बघीत होते?"

मी सांगितलं. ती आत गेली आणि कुंकवाची डबी फडताळात वर ठेवून आली. पुसलं नाही, लावलंही नाही. "दार उघडल्यार कळव," म्हणाली.

हॉल आता पुन्हा झगमगतो. नवे आरसे, तेच झुंबर. कुवेतमधले आपले मराठी डॉक्टर, इंजिनियर मालकाच्या मेजवान्यांना तिथे जातात. हे मासिकही त्यांच्याच घरी जातं, म्हणून इथे लिहिते. भुताची गोष्ट वाचलीत, आता एक काम करा. पुढच्या वेळी गेलात की झुंबराखाली फोटो काढू नका. टोकाच्या भिंतीशी जा, सोनेरी पट्टीवर हात ठेवा आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मालकाला विचारा: या दारामागे वसंत मेस्त्री आहे का? उघडा.