जाऊबाईंवरची तक्रार

आमच्या थोरल्या जाऊबाई घरी पडदे शिवतात. स्वभावानं अबोल. चार प्रश्न विचारावेत तेव्हा एक "हं" मिळतो. माझ्यासारखीला वेड लागायची पाळी.

एका सकाळी त्यांच्या वारलेल्या बहिणीची सोळा वर्षांची मुलगी दप्तर घेऊन दारात उभी राहिली. "मावशी, मी आता इथंच राहते," म्हणाली. बाप मारायचा. तिच्या पाठीवर वळच वळ होते. पण पोरीला त्याची लाज वाटत होती. हे कुणाला सांगायचं नाही, असं तिनं आम्हा दोघींकडून वचन घेतलं.

मी म्हटलं, "गुपचूप ठेवून घ्या. त्या मेल्याला पत्ता लागायला नको."

जाऊबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. "लपवली तर मी चोर ठरेन." आणि सरळ पोलीस चौकीत जाऊन सांगून आल्या, पोर माझ्याकडे आहे म्हणून. घ्या, आपल्याच हातानं पायावर धोंडा.

तिच्या बापानं लगेच तक्रार ठोकली, मुलीला फूस लावून पळवलं म्हणून. आम्ही एक वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "मुलगी अठराच्या आत आहे. आपणहून आली तरी कायदा आधी बापाचा ताबा बघतो. घर सोडण्याचं काही कारण असेल तर सांगा, नाहीतर तुरुंग आहे." मी तोंड उघडलं, तर जाऊबाईंनी माझा दंड असा दाबला की बोटं उमटली.

मग आम्हा सगळ्यांना बालकल्याण समितीपुढे उभं केलं. तिथल्या मॅडमनी जाऊबाईंना विचारलं, "मुलगी घर सोडून का आली?"

"ते तिला विचारा."

"तुम्हाला शिक्षा होऊ शकते, कळतंय ना?"

"कळतंय."

बस, एवढंच. बाप मिशीत हसला. सुटका जिभेच्या टोकावर होती आणि ही बाई ती गिळून शांत उभी. असलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मुलगी इतका वेळ खाली बघत होती. ती उठली.

"मी सांगते. पण आधी बाबांना बाहेर पाठवा." मग मावशीचा हात धरला. "हिला राहू द्या. हिला सगळं माहीत आहे."

मॅडम जाऊबाईंकडे बघतच राहिल्या.

चौकशी होईपर्यंत मुलगी मावशीकडेच राहील असा निर्णय झाला. तक्रार आता बापावर होती. घरी आल्यावर मी भडकले. "आणि ती बोललीच नसती तर?"

"तर गेले असते आत," जाऊबाई म्हणाल्या.