जायफळाचे अकरा हात

शनिवारी दुपारी दोननंतर त्या गल्लीत कुणाला काम सांगायची सोय नव्हती. शिंपी मशीनवर मान टाकून झोपलेला, पोस्टमन पायरीवर टेकलेला. घड्याळजीच्या दुकानात प्रत्येक घड्याळ वेगळीच वेळ दाखवायचं, आणि त्यांना दटावायला घड्याळजी जागा असेल तर ना! ही सगळी करणी काकूंच्या घरच्या बेकरीतल्या जायफळाच्या केकची. अकराला तो ओव्हनमधून निघायचा, बारापर्यंत फस्त व्हायचा, आणि मग गल्लीवर एक गोड गुंगी उतरायची. पडदेसुद्धा जरा सावकाश हलायचे.

पूर्वी असं होतं म्हणे. म्हणजे, सासूबाई केक करायच्या तेव्हा.

सासूबाईंचं सगळं मापात असायचं. लोणी, साखर, अंडी, मैदा, कशातही चमचाभर इकडचं तिकडे व्हायचं नाही. जायफळाला मात्र माप नव्हतं. पत्र्याच्या छोट्या किसणीवर जायफळ वरून खाली ओढत त्या एकेक हात मारायच्या आणि प्रत्येक हाताला घरातल्या एकेकाला पुकारायच्या. "घरातल्या एकेका माणसाचा एक हात," एवढंच त्यांनी नव्या सुनेला, म्हणजे काकूंना, सांगितलं. झालं शिक्षण!

नव्या सुनेने गुपचूप मोजलं. माणसं नऊ, हात अकरा. पहिले दोन हात सासूबाई तोंड मिटून मारत. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं की ते किसणी साफ करायला असणार. नव्या घरात असल्या शंका विचारायच्या कुणाला?

पुढे सासूबाईच सगळ्यांआधी गेल्या आणि किसणी काकूंकडे आली. काकूंचा हिशोब सरळ. किसणी त्या स्वतः लख्ख घासून ठेवत, त्यामुळे पहिले दोन हात बाद. सासूबाई राहिल्या नाहीत, त्यांचाही हात गेला. मग आजेसासूबाई गेल्या, मामंजी गेले. थोरले भाऊजी आणि जाऊबाई नोकरीपायी दुसऱ्या गावी गेले, वन्सं लग्न होऊन गेल्या, धाकटे भाऊजी परदेशी. जो घरात नाही त्याचा हात कसा मारायचा? शेवटी चार हात उरले. हे, मी, मुलगा, सून.

केकची चव इतकी हळूहळू उतरली की कुणाच्या लक्षातच आलं नाही. फक्त शिंपी एकदा म्हणाला, "काकू, हल्ली तुमचा केक खाऊन झोप लागत नाही हो. चार ब्लाउज जास्त शिवून होतात."

"मग बरंच की!" काकू म्हणाल्या. पण ते त्यांना लागलं होतं.

आणि दोन महिन्यांपूर्वी हे गेले.

चाळीस वर्षांत काकूंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. "हे" म्हटलं की काम भागायचं. हे चहा घेतील. हे खुर्चीत पेंगताहेत. आता सगळे "काका होते तेव्हा" असं म्हणू लागले, आणि काकूही "हे होते" म्हणायला शिकल्या. ते दोन शब्द काही केल्या एकमेकांशेजारी नीट बसत नव्हते.

पाव निघत होता, बिस्किटं निघत होती. शनिवारी मात्र दारावर पाटी लागायची, 'आज केक नाही'. काकूंना ठाऊक होतं, केक करायला बसलं तर तिसऱ्या हातानंतर जायफळ खाली ठेवावं लागणार. म्हणजे हे या घरात नाहीत, असं स्वतःच्या हाताने कबूल करायचं. ते त्यांना जमत नव्हतं. खरं तर त्यांना त्याची भीती वाटत होती.

अशाच एका शनिवारी सकाळी वन्सं चार दिवस राहायला आल्या. पायातल्या चपला काढायच्या आधीच त्यांनी हुकूम सोडला, "मला आईचा केक हवाय."

सुनेने काकूंकडे पाहिलं आणि लोणी फेटायला घेतलं. अंडी पडली, मैदा चाळून पडला. मग तिने भांडं काकूंपुढे सरकवलं. "आई, जायफळ तेवढं तुम्ही घाला."

काकूंनी जायफळ हातात घेतलं आणि तशाच बसून राहिल्या. खिडकीतून आलेलं ऊन मिश्रणावर पडलं होतं. पलीकडे यांची खुर्ची रिकामी होती.

"आण इकडे," वन्संनी जायफळ काढूनच घेतलं. ओठ घट्ट मिटून त्यांनी दोन हात मारले, आणि मग मोठ्याने सुरुवात केली, "आजी, आई, बाबा..."

"थांबा हो वन्सं," काकू म्हणाल्या. "ते पहिले दोन किसणी साफ करायला ना?"

"किसणी साफ करायला? काहीतरीच काय वहिनी! ते आमचे दोघं भाऊ. आम्हा सगळ्यांच्या आधी झालेले. नाव ठेवायच्या आत गेले दोघंही. नावच नाही, तर आई पुकारणार काय? म्हणून ती तोंड मिटून मारायची."

दहा वर्षं सासूबाईंच्या शेजारी उभं राहून त्यांनी ते दोन हात पाहिले होते, आणि नंतर खुशाल धुऊन टाकले होते.

"म्हणजे गेलेल्यांचेही हात मारायचे?"

"आई कुणालाच गाळायची नाही. माणूस गेला म्हणून काय त्याला केक नको?" असं म्हणून वन्संनी थोरल्या दादाचा आणि थोरल्या वहिनीचा हात मारला आणि किसणी पुढे केली. "पुढचा तू मार. मी कशी मारू?"

काकूंनी किसणी धरली. क्षणभर वाटलं, आपणही तोंड मिटूनच मारावा. मग त्या स्पष्ट म्हणाल्या, "हे." आणि जायफळ खालपर्यंत ओढलं. अंगठ्याचं सालही थोडं निघालं, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग मी, वन्सं, धाकटे भाऊजी, मुलगा, सून. तेरा हात झाले.

दुपारी दोन वाजता शिंप्याचं मशीन थांबलं. पोस्टमनने पिशवी उशाला घेतली. वन्सं पंख्याखाली घोरू लागल्या. काकू यांच्या खुर्चीत जरा टेकल्या आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे जड झाले. सून वही घेऊन आली होती. "आई, जायफळ तेरा हात लिहू ना? सगळ्यांची नावं सांगा. तुम्ही 'हे' म्हणालात, त्यापुढे काय लिहू? होते?"

काकूंनी डोळे उघडले नाहीत.

"आहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांना झोप लागली.